करडीचं तेल की दाण्याचं? आणि जवस, तीळ, कारळं रोज किती?

काळीमाती (धाराशिव)

घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई-मामंजी (दोघंही पासष्टीच्या पुढे) आणि पंधरा वर्षांची मुलगी. सध्या रिफाइंड शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा आणतो, तो साधारण अडीच महिने पुरतो. मामंजींना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आलंय. मुलीचं हिमोग्लोबिन ९.८.

गावाजवळ लाकडी घाणा सुरू झालाय. तिथे करडी, शेंगदाणा, तीळ, जवस, सगळ्यांचं तेल काढून मिळतं. विचारायचंय ते असं:

१) एलडीएलसाठी करडी चांगली म्हणतात. मग सगळा स्वयंपाक करडीतच करावा का? तळणही?

२) ओमेगा-३ साठी जवसाचं तेल फोडणीला चालेल का? की त्यापेक्षा चिया आणावं?

३) हाडांसाठी तिळाचं तेल आणि रक्तासाठी अळीव, असं एकीने सांगितलं. मुलीला किती द्यायचं?

४) घाण्यावरचं तेल खरंच शुद्ध आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? नुसतं 'घाण्याचं ते चांगलं' नको, प्रमाण आणि कारण दोन्ही सांगा.

---

वरणभात

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो गैरसमज निघाला की बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात.

तिळाच्या तेलात कॅल्शियम नसतं. कुठल्याच तेलात कॅल्शियम, लोह, प्रथिनं, चोथा यातलं काही येत नाही. बी घाण्यात गेलं की ते सगळं पेंडीत राहतं आणि म्हशीच्या पोटात जातं. आपल्या बाटलीत येतात ती फक्त स्निग्धाम्लं, ई जीवनसत्त्व आणि बियांप्रमाणे थोडेफार इतर घटक (तिळातलं सिसॅमिन, भाताच्या कोंड्यातलं ओरिझॅनॉल). कुठलंही तेल १०० ग्रॅमला ९०० कॅलरी. घाण्याचं असो, रिफाइंड असो, 'हार्ट' छाप असो. म्हणून खनिजांसाठी बी खायचं आणि तेल फक्त मोजायचं.

आता तुमचा डबा मोजू. १५ किलो, ७५ दिवस, ५ माणसं, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम. बैठं काम असलेल्या बाईला २० आणि पुरुषाला २५ ग्रॅम स्वयंपाकाचं तेल पुरे, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहार-मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. २५ धरलं तरी पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलो लागतं, म्हणजे तुमचा डबा चार महिने पुरायला हवा. मामंजींच्या एलडीएलसाठी तेल बदलण्याआधी हे करा. माणशी १५ ग्रॅम कमी म्हणजे रोजच्या १३५ कॅलरी कमी. महिन्याच्या १ तारखेला पावणेचार किलो वेगळ्या बरणीत काढून ठेवा. पळीने मोजत बसलात तर चार दिवसांत कंटाळाल.

तेलांची बनावट साधारण अशी असते (ओलिक, लिनोलिक, संपृक्त हे स्निग्धाम्लांचे प्रकार; आकडे टक्क्यांत, बियाण्याच्या वाणाप्रमाणे दोन-चार इकडे तिकडे):

करडी: लिनोलिक (ओमेगा-६) ७५, ओलिक १४, संपृक्त ९-१०. ओमेगा-३ जवळजवळ शून्य.
शेंगदाणा: ओलिक ४५-५०, लिनोलिक ३०, संपृक्त १८-२०.
तीळ: ओलिक ४०, लिनोलिक ४३, संपृक्त १५.
सूर्यफूल: लिनोलिक ६०-६५, ओलिक २५, संपृक्त ११.
सोयाबीन: लिनोलिक ५३, ओलिक २३, ओमेगा-३ सुमारे ७, संपृक्त १५.
जवस: ओमेगा-३ (अल्फा-लिनोलेनिक) ५० ते ५५.
पामोलिन (पाम तेलाचा पातळ भाग): संपृक्त ४५ च्या आसपास, ओलिक ४०-४२, लिनोलिक १०-११.

एलडीएल उतरवायला संपृक्त कमी आणि लिनोलिक जास्त असलेलं तेल उपयोगी पडतं, हे खरं. त्या हिशेबाने करडी सरस. ई जीवनसत्त्वही १०० ग्रॅमला ३४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पण करडीत ओमेगा-३ नाही, म्हणून निव्वळ करडीवर राहू नये. करडीबरोबर जवसाची चटणी ही मराठवाड्याची जुनी जोडी इथे अगदी चपखल बसते.

तळण मात्र करडीत नको. इथे धूर-बिंदू (ज्या तापमानाला तेल धुरकटतं तो) आणि टिकाऊपणा यांची लोक गल्लत करतात. रिफाइंड करडीचा धूर-बिंदू २६० अंशांच्या आसपास असतो, म्हणून दुकानदार सांगतो तळायला उत्तम. पण धूर येत नाही म्हणजे तेल बिघडत नाही, असं नव्हे. लिनोलिकला दोन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन तिथेच शिरतो, आणि ओलिकपेक्षा कितीतरी पट वेगाने शिरतो. पुऱ्यांच्या कढईच्या कडेला, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यावर तो पिवळा चिकट थर बसतो ना, साबणालाही दाद न देणारा? ते असंच जोडलं जाऊन घट्ट झालेलं तेल. करडी आणि सूर्यफुलाच्या घरात तो लवकर धरतो, दाण्याच्या तेलाच्या घरात उशिरा. कढईच्या काठावर जे दिसतं त्याचीच सुरुवात आतल्या तेलातही झालेली असते.

म्हणून माझी विभागणी: पावणेचार किलोपैकी दोन किलो दाण्याचं (भाजी, फोडणी, क्वचित तळण) आणि पावणेदोन किलो करडी (वरून घालायला, चटणी-ठेच्यावर कच्चं, हलकी फोडणी, कोशिंबीर). दोन्ही एका बाटलीत मिसळायची गरज नाही. घाण्याचं, रिफाइन न केलेलं करडी ११० अंशांच्या आसपासच धुरकटतं. फोडणी द्यायचीच तर तेल आणि मोहरी एकदमच पळीत घाला, तेल आधी तापवून धुराची वाट पाहू नका.

जवसाचं तेल फोडणीला अजिबात नाही. करडी चटकन बिघडते म्हणालो, जवस तिच्याही पुढे. त्यात तीन दुहेरी बंध. तापलं की माशाच्या तेलासारखा, वार्निशसारखा वास मारतं.

आणि चिया कशाला? १०० ग्रॅम चियात ओमेगा-३ साधारण १७-१८ ग्रॅम, जवसात २२-२३. जवस इथल्या रानातलं आणि दरातही बरंच खाली. चियाचा फायदा एवढाच की दळावं लागत नाही. (सब्जा वेगळा, चिया वेगळा. भिजल्यावर दोन्ही सारखे फुगतात म्हणून एक समजू नये.)

---

पाटा_वरवंटा

वरणभात दादांनी बी खा म्हटलंय, ते कसं खायचं ते लिहिते. बिया आणून डब्यात पडून राहतात, कारण चटणी एकदा कडू झाली की दुसऱ्यांदा कोणी करत नाही.

जवस. माणशी रोज १० ग्रॅम पुरे. त्यातून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते. पूड केल्यावर १५ मिलिचा मोठा चमचा ७ ग्रॅमचा भरतो, म्हणजे दीड चमचा. अख्खं जवस खाण्यात अर्थ नाही. त्याचं टरफल गुळगुळीत आणि चिवट असतं, दाताखाली सापडलं नाही की जसंच्या तसं बाहेर पडतं.

भाजताना जाड बुडाची कढई, मंद आच, आणि एका वेळी १०० ग्रॅमच. जास्त घातलं की खालचं करपतं, वरचं कच्चं. तीन-चार मिनिटांत तडतड सुरू होते, ती ओसरू लागली की उतरवा. जवसाचा रंग फारसा बदलत नाही आणि इथेच सगळे फसतात, रंगाची वाट बघत कडू करून ठेवतात. एक दाणा दाताखाली धरून बघा. 'कट्ट' वाजला की झालं, चिकट लागला तर अजून मिनिटभर. लगेच ताटात पसरा, गरम कढईत राहिलं तर भाजणं चालूच राहतं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर, तोही पाच-पाच सेकंद थांबत थांबत. सलग फिरवलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पुडीचा गोळा होतो.

२०० ग्रॅम जवसाला १०-१२ सुक्या मिरच्या, ७-८ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ. ओला लसूण घातला तर आठवडाभरात संपवा, ओलाव्याने वास धरते. जास्त दिवस ठेवायची असेल तर लसूण चिरून कोरडा भाजून घ्या किंवा बिनलसणाची करा. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे. जवस अख्खं असेल तर महिनोन्‌महिने टिकतं, दळलं की दिवस मोजायला लागायचे. बाजारातली तयार जवस पूड घेऊ नये, ती कधी दळली ते कळत नाही.

मामंजींसाठी दोन गोष्टी. जवसाला बुळबुळीत चिकटा असतो, तो गोळ्यांचं शोषण लांबवू शकतो. चटणी आणि साखरेची गोळी यांत दीड-दोन तास अंतर ठेवायला डॉक्टरांना विचारा. आणि कच्ची पूड पाण्याशिवाय तोंडात टाकायची नाही. चोथा पाव भागाहून जास्त आहे, पाणी नसेल तर पोट गच्च होतं. कच्च्या जवसात थोडे सायनाइड सोडणारे घटकही असतात. भाजल्याने ते कमी होतात. १०-२० ग्रॅम भाजक्या जवसाची काळजी नको, पण 'चांगलं आहे' म्हणून कच्चं वाटीभर खाऊ नका.

कारळं (खुरासणी). नाशिककडे, इगतपुरी-पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागात होतं ते घ्या. यात खडे आणि माती फार. पाखडून भागत नाही, रोळूनच घ्यावं लागतं. खोल पातेल्यात भरपूर पाणी, हाताने भोवरा द्यायचा आणि वरवरचं कारळं पाण्यासकट गाळणीत ओतायचं. तळाला राहतात ते खडे. तीन पाण्यांनी करा, मग फडक्यावर चार-पाच तास ऊन. काळं असल्याने भाजल्याचा रंग कळतच नाही, वासावर जायचं. खमंग वास आला आणि चिमटीत चुरडलं की झालं, धूर दिसला की कडू. जवसापेक्षा लवकर होतं.

तीळ. पांढरेशुभ्र चकचकीत तीळ म्हणजे सोललेले. कॅल्शियम बहुतेक टरफलात असतं. न सोललेल्या तिळात १०० ग्रॅमला १२०० ते १६०० मिलिग्रॅम, सोललेल्यात १०० च्याही खाली. तेव्हा मळकट, खरखरीत दिसणारे गावरान किंवा काळे तीळ घ्या. त्या टरफलातलं बरंच कॅल्शियम ऑक्झलेटला बांधलेलं असतं, सगळं अंगी लागत नाही, म्हणून तिळावर विसंबून दूध-ताक-नाचणी बंद करू नका. रोज दोन चहाचे चमचे भाकरीला लावून किंवा कुटून भाजीत.

बियांतही तेल आहेच. २० ग्रॅम बिया खाल्ल्या की ९ ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पोटात गेलं, तेवढं फोडणीतून काढा. भोपळ्याच्या बिया लाल भोपळा चिरताना फेकू नका. धुऊन, वाळवून, सोलून खा. जस्त आणि मॅग्नेशियमसाठी त्याच, पाकिटातल्या महागड्या नकोत.

---

सोनचाफा

मुलीसाठी अळीवच द्या. अळिवात १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह असतं. रोज दोन चमचे दिले तरी गरज भागते.

---

वरणभात

@सोनचाफा, तो १०० चा आकडा जुन्या तक्त्यातला, आणि तो अजून प्रत्येक फॉरवर्डमध्ये फिरतोय. पोषण संस्थेने २०१७ मध्ये देशभरातले नमुने नव्याने मोजून तक्ते काढले, त्यात अळिवाचं लोह १७ मिलिग्रॅमच्या घरात आहे. बारीक बियांना चिकटलेली माती नीट निघाली नाही की मोजणीत लोह फुगून दिसतं. कारळ्यातल्या लोहाचा जुना ५६ मिलिग्रॅमचा आकडाही म्हणूनच डोळे झाकून धरू नये.

१७ धरलं तरी वाईट नाही, पण हिशेब बघा. १० ग्रॅम अळिवातून १.७ मिलिग्रॅम. बाईमाणसाची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची, वाढत्या मुलीचीही त्याच पट्ट्यात. शिवाय बियांतलं लोह फायटेटमुळे (लोहाला बांधून ठेवणारा बियांतलाच घटक) अंगी लागतं ते थोडंच. म्हणून अळीव लिंबाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवून द्या, क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. जेवणानंतर तासभर चहा नको. थायरॉइडचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर अळीव विचारूनच.

@काळीमाती, ९.८ हा मध्यम रक्तक्षय आहे. तो लाडवाने भरून निघत नाही. डॉक्टरांना दाखवा, लोहाच्या गोळ्या आणि जंतांचं औषध लागेल का ते ते ठरवतील. बिया त्याच्या जोडीला.

---

तेलघाणा

शुद्धतेचा प्रश्न माझ्याकडे आला. घरी बसून कागदावर होणारी तपासणी सगळ्यात खात्रीची आहे, ती आधी.

करडीच्या अख्ख्या बीत तेल २८ ते ३२ टक्के, कारण निम्म्याच्या आसपास वजन टरफलाचंच. लाकडी घाण्यावर पेंडीत बरंच तेल मागे राहतं, हाती येतं ते २४-२५. म्हणजे ४ किलो करडीला १ किलो तेल आणि ३ किलो पेंड. आता गणित घाला:

(करडीचा किलोचा भाव × ४) + मजुरी − (पेंडीचा किलोचा भाव × ३)

समजा करडी ७० रुपये, मजुरी ३०, पेंड २५. २८० + ३० − ७५ = २३५ रुपये किलो. लिटरमध्ये (१ लिटर = साधारण ९२० ग्रॅम) २१६. यात बाटली, नफा काहीच नाही. तुमच्या बाजारातले त्या दिवसाचे भाव टाका. या आकड्याच्या खाली कोणी 'शुद्ध लाकडी घाणा करडी' देत असेल तर तो पदरचे पैसे घालत नाहीये, आत दुसरं काही आहे. बाकीच्यांचं प्रमाण: शेंगदाणे अडीच किलोला एक किलो तेल, तीळ साधारण तेवढंच, कारळं आणि जवस सव्वातीन किलोच्या आसपास.

दुसरी तपासणी फ्रीजची. पारदर्शक ग्लासात तेल घालून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा, ४-५ अंशांवर. करडी, सूर्यफूल, जवस पातळच राहतात. तळाशी दाट, रवाळ, पांढरा साका बसला किंवा अर्धा ग्लास गोठला तर पामोलिन आहे. टरफलासकट गाळलेल्या करडीत मेणामुळे अगदी पातळ धुकं येतं, ते भेसळ नव्हे. ही चाचणी शेंगदाण्याला लावू नका. शुद्ध दाण्याचं तेलही फ्रीजमध्ये गढूळ होऊन घट्ट होतं. त्यावरून व्हिडिओ करून लोकांनी चांगल्या घाणेवाल्यांना बदनाम केलंय.

नायट्रिक ॲसिड घालून रंग बघणं वगैरे घरी करू नका. ते पिवळ्या धोत्र्याची (विषारी तण) भेसळ शोधायचं प्रयोगशाळेचं काम, आणि तो धोका मुख्यतः मोहरीच्या तेलात, कारण धोत्र्याचं बी मोहरीसारखंच काळं-बारीक.

घाण्यावर स्वतः धान्य नेणार असाल तर हे बघा:

बी कडक वाळलेलं हवं, ओलावा ७-८ टक्क्यांच्या आत. मूठ आवळून हलवली की खुळखुळ आवाज आला पाहिजे. ओलं बी नेलं तर तेल कमी सुटतं, फेसाळतं आणि महिन्याभरात खवट होतं. शेंगदाणे निवडूनच न्या. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे दाणे काढून टाका, कारण बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) घाण्याच्या तेलात थोडं उतरू शकतं आणि भाजून पूर्ण जात नाही. रिफायनरीत अल्कली धुण्यात ते निघतं. रिफाइंडला सरसकट 'विष' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. खराब दाण्याच्या घाणा-तेलापेक्षा रिफाइंड बरं.

तुमच्या आधी घाण्यात काय होतं ते विचारा. तिळामागून करडी टाकली तर पहिल्या पावशेरात तीळ असणारच. पेंड सुटावी म्हणून काही जण तीळ आणि दाण्यांवर पाण्याचा हबका मारतात. चमचाभर पाणी ठीक, पण मग तेल चार-पाच दिवस निवू द्यायचं, वरचं निथळ अलगद ओतून घ्यायचं, तळाचा गाळ वेगळा. घरी तापवताना तेल मोहरीशिवायच तडतडलं तर त्यात पाणी राहिलंय, ते जास्त दिवस ठेवू नका.

घाणा आणि एक्स्पेलर यात फरक तापमानाचा. लाकडी घाणा हाताला सोसवेल इतपतच गरम होतो, लोखंडी एक्स्पेलर शंभरच्या पुढे सहज जातो. म्हणून वास आणि ई जीवनसत्त्व घाण्याच्या तेलात जास्त राहतं. स्निग्धाम्लांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे तेच. घाण्याने पामोलिनची करडी होत नाही आणि करडीतला ओमेगा-६ कमीही होत नाही. आणि 'कोलेस्टेरॉल फ्री' बघून जादा पैसे देऊ नका, ते कुठल्याच वनस्पती तेलात नावाला धरण्याइतकंही नसतं.

साठवण स्टील किंवा गडद काचेत, काठोकाठ भरून, गॅसच्या शेजारी नाही. करडी महिन्या-दीड महिन्याचीच काढा. जुन्या तेलाच्या डब्यात तळाला उरलेल्यावर नवीन ओतू नका, खवट तेल विरजणासारखं काम करतं. आणि जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, सुकताना ती आपोआप तापून पेटू शकतात. घाण्यावर ती पाण्यात बुडवून टाकतात.

---

माडबन (मालवण)

आमच्याकडे रोजच्या आमटीत खोबरेल असतं. ते टिकाऊ खरं, संपृक्त ९० टक्के, म्हणून सहजासहजी खवट होत नाही. पण लिनोलिक दोन टक्केच. एलडीएल वाढलेल्या घरात ते मुख्य तेल करू नये, सोलकढी-उसळीच्या वासापुरतं ठेवा. आणि २४ अंशांखाली गोठलं म्हणजे भेसळ असं कोणी समजू नये, तो त्याचा धर्मच आहे. सध्या देशावर 'कोकणी म्हणून आरोग्यदायी' म्हणून ते लिटरने खपवताहेत म्हणून लिहिलं.

---

काळीमाती

सगळ्यांचे आभार. डब्याचं गणित बघून हे (आणि मीही) गप्प झालो. दोन शंका राहिल्या. इथे सरकी भरपूर, घाणेवाला सरकीचंही काढून देतो म्हणाला, स्वस्त पडतं. चालेल का? आणि जवसाचं तेल रंगाच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतं, ते एरवी वेगळं असतं का?

---

तेलघाणा

दोन्हींना नाही.

सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, कच्च्या तेलाला तो काळपट-तांबडा रंग त्याचाच. ते अल्कलीने धुऊन, रिफाइन करूनच काढतात. म्हणून सरकीचं तेल खायचं तर रिफाइंडच, घाण्याचं कधीच नाही. सरकी ढेपेसाठी ठेवा, आणि तीही कोवळ्या वासरांना बेतानेच. सोयाबीनचंही घाण्यावर काढायला जाऊ नका. बीत तेल १८-२० टक्केच, घाण्यात निम्मंही सुटत नाही, पैसे वाया.

रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवस तेल लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंची संयुगं मिसळलेली असतात. ते लाकडाला लावायचं. 'कच्चं' म्हणून मिळतं तेही खाण्याच्या दर्जाचं नसतं, बियांबरोबर दुसरं काय दळलं गेलं ते कोणी बघत नाही.

अजून एक, पिशवी घेताना पुढचं नाव आणि चित्र सोडून मागचा मजकूर वाचा. 'ब्लेंडेड' असेल तर कोणतं तेल किती टक्के ते छापावंच लागतं, आणि मिश्रणात प्रत्येक तेल किमान २० टक्के असायला हवं. पुढे करडीचं फूल आणि मागे 'करडी २०, राइसब्रान (भाताच्या कोंड्याचं तेल) ८०' असं सर्रास असतं. ते तेल वाईट नाही, राइसब्रान तळायला करडीपेक्षा बरंच. फक्त करडीचे पैसे देऊ नका.

---

पाटा_वरवंटा

तळणाचं राहिलं, तेवढं लिहिते. दिवाळीचं तळण दाण्याच्या तेलात, लहान आणि खोल कढईत, म्हणजे तेल कमी लागतं आणि हवा कमी लागते. १७०-१८० अंश पुरतात. पिठाचा कण टाकला की लगेच बुडबुडे घेत वर यावा, काळा पडू नये. तळून झाल्यावर गार करून दुहेरी फडक्याने गाळा, कारण तळाला जळलेलं पीठ राहिलं की तेल बिघडायचा वेग वाढतो. गाळलेलं चार-पाच दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळणाला नको. तापवताना कढईभर बारीक, न विरणारा फेस आला, किंवा गार झाल्यावर तेल मधासारखं ओघळायला लागलं, तर ते टाकून द्या. चपातीलाही लावू नका.